गाडीवरचा खोल ओरखडा: टच-अप बाटली की स्प्रे कॅन?

आधी ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर रबिंग कंपाऊंडने (घासून ओरखडे घालवायची पेस्ट) भागणार नाही, त्याची धाव वरच्या पारदर्शक लॅकरपर्यंतच. आत करडा प्रायमर (रंगाखालचा थर) किंवा पत्रा दिसतोय? मग रंग भरावाच लागेल.

किल्लीने ओढलेली रेघ असेल तर माझं मत टच-अप बाटलीला, म्हणजे ब्रशवाल्या रंगाच्या छोट्या बाटलीला. जागा स्वच्छ पुसायची, गंज असला तर घासून काढून प्रायमर लावायचा आणि रंग ब्रशच्या टोकाने थेंब थेंब सोडायचा. एकदम थापला की फुगवटा येतो (पहिल्या वेळी माझा आलाच). दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये वाळू द्या, मग लॅकर. काही दिवसांनी २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकेच घासा, वर कंपाऊंड फिरवा. माझ्या दारावरची रेघ आता बोटाला लागत नाही. उन्हात तिरकं पाहिलं की मात्र दिसते.

तळहाताएवढा पट्टा खरवडला असेल तर स्प्रे. पण आजूबाजूला कागद-टेप चिकटवा, वारा टाळा, धूळ टाळा. पावसाळ्यात तर नकोच, दमट हवेत लॅकर दुधाळ होतो. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात शेड हमखास फसते. तिथे सरळ गॅरेज गाठा.

आणि दुकानात नुसता ‘पांढरा’ मागू नका. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडतो.