पॅकेट पकडायला फ्रीबीएसडी आणि टीसीपीडंप: कामाची जोडी
लातुरात औसा रोडला आमची इंटरनेट सेवेची कंट्रोल रूम आहे. संध्याकाळी ट्रॅफिक चढला की "लॉगिनच होईना" म्हणून फोन सुरू होतात. कारण शोधायला स्विचच्या मिरर पोर्टला (इथं बाकी पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल येते) एक जुना डेस्कटॉप लावलाय, त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम.

पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे टीसीपीडंप. तो बंद केला की शेवटच्या ओळीत कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) टाकून दिलेल्या पॅकेटचा आकडा दिसतो. आमचा लई मोठा यायचा. कर्नलमधला पॅकेट पकडणारा भाग म्हणजे बीपीएफ. त्याच्याकडे दोन बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) असतात: एक भरतो, दुसरा प्रोग्राम वाचतो. वाचणारा मागं पडून दोन्ही भरले, की नवं पॅकेट गेलंच. बफर किती मोठा होऊ शकतो ते ठरवणाऱ्या 'नेट.बीपीएफ.मॅक्सबफसाइझ' या सेटिंगची मूळ मर्यादा ५२४२८८ बाइट. ती १६७७७२१६ केली आणि टीसीपीडंपला बफर १६३८४ केबी दिला. मर्यादा आधी वाढवा, नाहीतर बफर मोठा मागून उपयोग नाही. पडद्यावर छापत बसण्याऐवजी थेट फाइलीत लिहा.

खरा फरक फिल्टरनं पडला. लॉगिनच्या तक्रारीला फक्त 'पीपीपीओईडी' (पीपीपीओई जोडणीच्या सुरुवातीची पॅकेट) एवढा फिल्टर पुरतो; बाकीचं कर्नल वरच्या वर गाळतं, कॉपीच होत नाही. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगळे भाग) असेल तर फिल्टरमध्ये आधी 'व्हीलॅन' लिहायचं. आता ऐन गर्दीतही ड्रॉप शून्य.

दहा गिगाबिटची लाइन असेल तर नेटमॅप बघा; त्यानं प्रोग्राम कर्नलचा नेहमीचा रस्ता टाळून थेट नेटवर्क कार्डाच्या पॅकेटपर्यंत पोचतो. तो बनवणाऱ्या लुइजी रिझ्झो यांनी ९०० मेगाहर्ट्झच्या एकाच कोरवर सेकंदाला १.४८ कोटी पॅकेट पाठवून दाखवलेत. मात्र कार्ड नेटमॅपच्या ताब्यात दिलं की त्यावरचं नेहमीचं नेटवर्क तुटतं, म्हणून वेगळं कार्ड हवंच. एक गिगाबिटला आमची जोडी बिनधास्त घ्या.