घडीत गेलेली मूठ : क्रांतिकाळातील चित्रांच्या ग्रंथाचा वापरानंतरचा अनुभव

क्रांतिकाळातील युरोपीय चित्रकला आणि राजकारण या विषयावरचा हा जाडजूड चित्रग्रंथ मी कित्येक महिने जवळजवळ रोज हाताळत आलो आहे. अलीकडे त्याचा एक फर्मा (घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) शिवणीतून निखळून हातात आला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पृष्ठसंख्या, आकार, कागद ही माहिती विक्रीच्या पानावर आहेच, ती इथे पुन्हा देत नाही. किंमत मात्र पदवीच्या वर्गाला आधुनिक युरोपचा इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने दोनदा विचार करावा अशी आहे, आणि एवढे पैसे घेताना प्रकाशकाने पुस्तकाच्या मधल्या घडीकडे लक्ष द्यायला हवे होते.

माझी मुख्य तक्रार या घडीबद्दलच आहे. ग्रंथ उभ्या आकाराचा असल्यामुळे सर्व मोठी आडवी चित्रे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून छापली आहेत. निसर्गचित्रांच्या पुस्तकात हे एक वेळ चालून जाईल, कारण घडीत एखादे झाड गेले तरी फारसे बिघडत नाही. या काळातील राजकीय चित्रांचे तसे नाही. फ्रेंच चित्रकार दाविदच्या ‘होराती बंधूंची शपथ’ या, रोमसाठी लढायला निघालेल्या भावांच्या चित्रात डावीकडे हात उगारलेले तिघे भाऊ आहेत, उजवीकडे शोकाने खचलेल्या स्त्रिया आहेत आणि दोहोंच्या मध्ये तीन तलवारी उंच धरलेली बापाची मूठ आहे. मागच्या तीन कमानी, फरशीच्या रेषा आणि भावांचे हात, सगळे नजरेला त्या मुठीकडेच नेतात. राज्य आधी की घर, हा चित्रातला प्रश्न तिथेच बांधलेला आहे, आणि या ग्रंथात नेमकी ती मूठ घडीत गेली आहे. भाऊ दिसतात, स्त्रिया दिसतात, पण शपथ कशावर घेतली जात आहे ते पाहायला पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावे लागते. माझा फर्मा निखळला तो बहुधा या दाबण्यामुळेच.

‘टेनिस कोर्टची शपथ’ या रेखाटनाची तीच गत झाली आहे. राज्यघटना तयार होईपर्यंत न पांगण्याची शपथ घेणाऱ्या २० जून १७८९ च्या त्या सभेत अध्यक्ष बायी टेबलावर उभा राहून शपथ वाचत आहे, आणि दाविदने त्याला बरोबर मध्यभागी, आपल्याकडे तोंड करून उभे केले आहे. घडीने त्याचा अर्धा चेहरा गिळला आहे. याचे वाईट अशासाठी वाटते की याच प्रकरणातला मजकूर उत्कृष्ट आहे. दाविदने हे रेखाटन १७९१ मध्ये प्रदर्शित केले, त्यावरून प्रचंड चित्र रंगवायला घेतले आणि ते कधीच पूर्ण झाले नाही, कारण चित्रातले नायक राजकारणात टिकले नाहीत. मिराबोचा राजाशी असलेला गुप्त व्यवहार उघडकीला आला, बार्नाव्ह आणि बायी दोघेही १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये गिलोटिनवर गेले. दोन वर्षांपूर्वीचे देशभक्त देशद्रोही ठरत असताना त्यांची भव्य चित्रे रंगवणार कशी? व्हर्सायमध्ये असलेल्या त्या अपुऱ्या कॅनव्हासवर उघड्या देहांच्या बाह्यरेषा आणि मोजकेच रंगवलेले चेहरे आहेत. लेखकाने हे सारे समजावून सांगितले आहे, पण ज्या माणसाभोवती ही कहाणी फिरते तोच शेजारच्या चित्रात दिसत नाही.

छपाईच्या दृष्टीने हे टाळता आले असते, म्हणून राग अधिक येतो. प्रत्येक फर्म्याच्या मध्यावर समोरासमोरची दोन पाने एकाच सलग कागदाची असतात. तिथे चित्र छापले तर ते अखंड राहते, मधून फक्त दोरा जातो. इतरत्र डावे पान एका कागदाचे आणि उजवे दुसऱ्या कागदाचे असते. स्पॅनिश चित्रकार गोयाचे ‘३ मे १८०८’ हे चित्र, ज्यात फ्रेंच सैनिक माद्रिदच्या बंडखोरांना गोळ्या घालत आहेत, या ग्रंथात सुदैवाने फर्म्याच्या मध्यावर आले आहे, त्यामुळे जमिनीवरचा कंदील, त्याच्या उजेडात हात पसरून उभा असलेला पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आणि चेहरे न दिसणाऱ्या सैनिकांची रांग हे सलग वाचता येते. होराती बंधूंच्या चित्रात मात्र दोन्ही पानांचा रंगही जुळत नाही. डावीकडची भिंत किंचित तांबूस आहे, उजवीकडची राखाडी, आणि फरशीच्या रेषा घडीपाशी बारीकशा सरकल्या आहेत. चार-पाच महत्त्वाची चित्रे फर्म्यांच्या मध्यावर येतील अशी पानांची मांडणी करणे हे कोणत्याही जाणत्या मुद्रकाचे नेहमीचे काम आहे.

फर्मा निखळल्यावर मी विक्रेत्याशी संपर्क साधला. परताव्याची मुदत उलटली असल्याचे उत्तर आले. ते नियमाला धरून होते, म्हणून मी बदली प्रत मागितली नाही, फक्त शिवणीचा दोष प्रकाशकाला कळवा असे म्हटले. त्यावर दूरध्वनीवरच्या व्यक्तीने विचारले, “सर, चित्र अर्धे या पानावर आणि अर्धे त्या पानावर पूर्ण छापलेले आहे ना? मग दोष कसला?” मी तिला बायीच्या चेहऱ्याविषयी सांगण्याचा प्रयत्न केला, पुन्हा पत्रही लिहिले, परंतु पुढे काही झाले नाही. शेवटी ओळखीच्या बाइंडरकडे ग्रंथ दिला. त्याने कण्यावरचा कडक गोंद काढला, सगळे फर्मे सुटे करून नव्याने जुजबंदी म्हणजे शिवण केली आणि कण्याला मऊ कापड लावले. या कामाला नवी प्रत मागवण्याच्या मानाने अगदीच किरकोळ खर्च आला.

त्यानंतर माझे मत बरेच बदलले. ग्रंथ आता टेबलावर सपाट उघडतो, बायीचा चेहरा जवळजवळ पूर्ण दिसतो आणि होरातींच्या बापाची मूठ तलवारींसह बाहेर आली आहे. पुस्तक दाबून धरावे लागत नसल्यामुळे मजकूरही निवांत वाचता आला, आणि त्याची योग्यता तेव्हा अधिक कळली. होरातींचे चित्र १७८५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागले तेव्हा क्रांतीला चार वर्षे अवकाश होता आणि ते राजदरबाराच्या मागणीवरूनच काढलेले होते. त्याला क्रांतीची हाक म्हणून वाचण्याची सवय नंतरची आहे, हे लेखक ठामपणे सांगतो. विद्यार्थ्यांना हे एक प्रकरण वाचायला दिले तरी चित्राचा अर्थ काळाबरोबर कसा बदलतो हे त्यांच्या लक्षात येते.

‘माराचा मृत्यू’ हे उभे चित्र असल्यामुळे एका पानावर नीट बसले आहे. वरचा जवळजवळ अर्धा भाग नुसता काळोखी रिकामा, खाली टबाबाहेर लोंबणारा हात, त्यात लेखणी आणि जवळच जमिनीवर सुरी. क्रांतिकारक पत्रकार मारा १३ जुलै १७९३ रोजी मारला गेला, आणि दाविद तेव्हा केवळ चित्रकार नव्हता. तो कन्व्हेन्शनचा, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच विधिमंडळाचा, सभासद होता, राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिले होते आणि माराची अंत्ययात्राही त्यानेच योजली होती. छपाई इतकी चांगली आहे की लाकडी खोक्यावरची अर्पणाची अक्षरे स्पष्ट वाचता येतात.

पण इथे दुसरी उणीव जाणवते. हे चित्र १६५ × १२८ सेंटिमीटरचे आहे आणि नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे चित्र ६२१ × ९७९ सेंटिमीटरचे. ग्रंथात दोन्ही जवळपास सारख्याच उंचीची छापली आहेत आणि मापे पानाखाली न देता शेवटच्या यादीत ढकलली आहेत. एक चित्र माणसाने जवळ उभे राहून पाहण्याचे आहे, दुसऱ्यापुढे माणसाने लहान व्हावे अशी योजना आहे. समारंभाला हजर नसलेली नेपोलियनची आईही दाविदने त्यात सज्जात बसवली. तोच दाविद १८१६ मध्ये हद्दपार होऊन ब्रुसेल्सला गेला आणि १८२५ मध्ये तिथेच वारला. मापे चित्राशेजारी असती तर आकारातला हा राजकीय फरक वाचकाला आपोआप कळला असता.

याच कारणाने गोयाच्या ‘युद्धाची अरिष्टे’ या मालिकेची पाने मला सर्वांत मोलाची वाटतात. ही कोरीव चित्रे मुळातच लहान आहेत, आणि ती मूळ आकारात, एका पानावर एक अशी छापली आहेत. घडी नाही, आकसणे नाही. गोया १८२८ मध्ये बोर्दो येथे वारला आणि मालिका प्रसिद्ध झाली १८६३ मध्ये. ज्या राजवटीत ती काढली त्या राजवटीत ती दाखवण्याची सोय नव्हती. फासावर लटकलेल्या माणसाकडे निवांत बसून पाहणारा सैनिक या आकारात पाहिला की त्याच्या चेहऱ्यावरची स्वस्थता टोचते. केवळ या पानांसाठी मी हा ग्रंथ ठेवून घेतला असता.

देलाक्रवाच्या ‘जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’ या चित्राबाबत खरेदीपूर्वी सावध राहावे. लूव्रने २०२४ मध्ये त्यावरचा पिवळट वार्निशचा थर काढून ते पुन्हा लावले, तेव्हा देवतेचे वस्त्र पिवळे नसून फिकट राखाडी आणि त्यावर सोनेरी छटा असलेले आहे हे दिसले, तिरंग्याचे निळे-लाल रंगही उजळले. या ग्रंथात साफसफाईपूर्वीचेच छायाचित्र आहे, मुखपृष्ठावरही तेच. १८३० च्या जुलैतील पॅरिसच्या उठावाचा धूर आणि त्यामागचा उजेड यांतला फरक त्या पिवळेपणात पुसला गेला आहे. ‘नवी आवृत्ती’ असे लिहून विकताना हे छायाचित्र बदलायला हवे होते.

जेरिकोच्या ‘मेदूसाचा तराफा’ या चित्राने मात्र नव्या बांधणीनंतरही निराशा केली. १८१६ मध्ये राजनिष्ठेच्या बळावर नेमलेल्या कप्तानाने मेदूसा हे जहाज रुतवले, तराफ्यावर सोडलेल्या १४७ माणसांपैकी १५ जिवंत सापडली, आणि चित्रात ती क्षितिजावरच्या ज्या जहाजाला खुणावत आहेत ते मुळातच ठिपक्याएवढे आहे. छापील चित्रात तो ठिपका उरलेलाच नाही. बारकाव्यांच्या वेगळ्या पानांवरही तो घेतलेला नाही. तो दिसत नसेल तर इतकी माणसे कोणाकडे पाहून हात हलवत आहेत, हेच वाचकाला समजत नाही.

ज्यांना हा ग्रंथ घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण हातात आल्याबरोबर, परताव्याची मुदत चालू असतानाच, होरातींचे आणि टेनिस कोर्टचे पान उघडून घडी तपासावी, शिवण सैल वाटली तर लगेच परत करावा, आणि ठेवून घेतल्यास बाइंडरचा खर्च किमतीतच धरावा.