रीफ टँकसाठी चिलर घेताय? आधी हे वाचा, मी लुबाडला गेलोय

माझ्या २०० लिटरच्या रीफ टँकसाठी (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा टँक) 'पाव एचपी, कंप्रेसरवाला' म्हणून विकलेला चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, प्रत्यक्षात एका पेल्टियर चिपवर (कंप्रेसरशिवाय विजेवर थोडंसंच गार करणारी चकती) चालणारा खोका निघाला. पैसे १०० टक्के आगाऊ घेतले, परत आला शून्य टक्का. ॲक्रोपोरा कोरल गेले, हॅमर कोरलही गेला.

आगाऊ का दिले म्हणणाऱ्यांनो, बहुतेक विक्रेते आगाऊच मागतात. माझ्या विक्रेत्याने चालू चिलरचा व्हिडिओ पाठवला होता, त्यात कंप्रेसरची घरघर स्वच्छ ऐकू येत होती. आणि टँक रोज दुपारी २९ अंशांवर जात असताना माणूस चौकशा करत किती बसणार?

जिवाची तडफड होते ती पाणी बदलतानाच्या त्या क्षणाने. चिलरचा सेन्सर संपमधून (टँकखालच्या टाकीतून) काढून काठावर टांगला होता, पूर्ण कोरडा. खोलीत ३२ अंश. आणि डिस्प्लेवर २५.०! सेट केलेला आकडाच ते यंत्र दाखवत होतं. मी पाहिलं, तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावला. "सर, सॉफ्टवेअर सरासरी काढतं, थोडा वेळ द्या." आकडा सावकाश बदलणारे कंट्रोलर असतातही, म्हणून पटलं. तेव्हाच काचेचा थर्मामीटर पाण्यात बुडवायला हवा होता, दुसरं काही नाही. बुडवला तेव्हा उशीर झाला होता: सकाळी २५.५, संध्याकाळी २९.३. दिवसभरातला फरक १ अंशाच्या आत राहावा म्हणून आपण मरमर करतो, आणि इथे जवळजवळ ४! ॲक्रोपोराचं मांस बुडापासून सोलपटून निघत होतं, खाली पांढराफटक सांगाडा.

प्लगला वॅटमीटर लावा. पाव एचपी म्हणजे १८६ वॅट. माझा खोका ७० घेत होता. पेल्टियर त्यातून फार तर निम्म्या वॅटइतकी उष्णता पाण्यातून ओढणार, म्हणजे ३५. माझा रिटर्न पंपच (संपमधलं पाणी वर टँकमध्ये ढकलणारा) ४० वॅटचा, त्याची बहुतेक उष्णता पाण्यातच उतरते. हिशेब तिथेच संपला. कंप्रेसरचा चिलर एका हाताने उचलला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, दिवाणी बाब आहे. वर, "कोरल म्हणजे दगडच ना?" बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. ग्राहक तक्रारीवाल्यांना हवं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र. यंत्रावर कंपनीचं नावच नाही, तर कोणता मेकॅनिक लेखी देईल? त्यांना वॅटमीटरचा फोटो दिला, कोरड्या सेन्सरचा व्हिडिओ दिला. कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही! प्रत्येक टेबलावरून पुढच्या टेबलाकडे बोट, आणि तोवर विक्रेत्याने नंबर बदलला. माणूस लुटला गेला हे सिद्ध करायचं कामही लुटल्या गेलेल्यानेच करायचं?

सध्या पाण्यावर पंखा लावलाय, दोनेक अंश उतरतात. पण उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच घाला, खारं घातलंत तर क्षार चढत जातील. हीटरही वेगळ्या कंट्रोलरवर घ्या, रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तर एका रात्रीत टँक उकडून निघतो.

त्याची जाहिरात नव्या नंबरवर चालू आहे, तोच फोटो. वर्णनात आता 'आवाजरहित' असं वाढवलंय. आवाज न करणारा पाव एचपी चिलर कुणी विकत असेल, तर पैसे पाठवू नका.