पाण्याच्या पंपाचं पूर्ण किट टाकून आठ महिने झाले, जुन्या बोटीचा माझा अनुभव

दिवाळीच्या आधी किट टाकलं होतं, आता मृग तोंडावर आलाय, म्हणजे आठ महिने झाले. मधल्या काळात एकशे दहा तासांच्या वर इंजिन चाललंय (डायरीत रोज लिहितो). लगेच लिहिलं नाही कारण गेल्या बारीला पंपात नुसतं नवीन रबर टाकल्या टाकल्या मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की काम झालं म्हणून, आणि उन्हाळा काही निघाला नाही. म्हणून यावेळी ठरवलं की उन्हाळा काढल्याशिवाय बोलायचं नाही.

बोट १९ फुटी फायबरची, कोकणातून एकाकडून जुनी घेतलेली. मर्क्रूझरचं ३.० लिटरचं चार सिलेंडर पेट्रोल इंजिन आणि मागं आल्फा वन ड्राइव्ह (बोटीच्या मागं पाण्यात राहणारा, गिअर अन् पंखा असलेला भाग), पहिल्या पिढीचा, म्हणजे १९९१ च्या आधीचा. आम्ही ती येलदरी धरणाच्या पाण्यात चालवतो. आमच्याकडं बाकी सगळे थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकणारे, पार पलीकडच्या काठापर्यंत वल्हवत जायचं म्हणजे अर्धा दिवस तिथंच जातो. ही बोट चार पाच तराफे ओढून नेती, येताना माणसं, जाळी, बर्फाची खोकी सगळं घेऊन येती. त्यामुळं ती बंद पडली की एकट्या माझं काम थांबत नाही, आठ घरांचं थांबतं.

गेल्या वर्षी एप्रिलमधी भर पाण्यात इंजिन तापलं. मीटर फॅरनहाइटमधला आहे, काटा १६० च्या आसपास राहायचा, त्या दिवशी लोड घेऊन जरा रेस दिली की २०० ला टेकायला लागला, हळू केली की परत खाली. मला वाटलं मीटरच खराब झालाय. मग मागून जळक्या रबराचा वास आला अन् मी चावी बंद केली. वारं सुटलेलं, मागं दोन तराफे बांधलेले, एका तराफ्यावर माझा पुतण्या. दीड तास वल्ह्यानं काठाला यायला लागलं. तो दीड तास मी विसरलो नाही आणि विसरायचाही नाही मला, त्याच्यामुळंच एवढं बारीक लिहायलोय.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंपेलर (पंपातलं फिरून पाणी ढकलणारं चाक) म्हणलं की आपल्याकडं प्रत्येकाला बोअरची सबमर्सिबल डोळ्यापुढं येती. माझ्याही आली. आमचे मामा मोटारी भरायचं काम करतात, ते पण म्हणले, "झिजला असंल इंपेलर, त्याला काय हुतंय, टाक नवीन." पण ह्याचा प्रकार येगळा आहे. बोअरच्या मोटारीतला इंपेलर कडक असतो अन् बाजूला न घासता फिरतो. हा बोटीतला मऊ रबराचा, पाकळ्या वाकवून स्टीलच्या वाटीत बसवलेला, आणि फिरताना त्या पाकळ्या वाटीच्या कडेला घासतच पाणी वर ढकलतात. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर काही सेकंदांत रबर जळतं, मिनिटाची पण गरज नाही. आणि ह्या पंपाचं पाणी इंजिन तर गार करतंच, वरून धुराच्या पाइपात मिसळून तो पण गार ठेवतं, म्हणून पाणी कमी झालं की आधी तिथलं रबर जळायला लागतं. वास त्याचाच होता.

त्या वेळी मी काय केलं तर ऑनलाइन अकराशेला नुसतं रबर मागवलं, दुकानाचं नाव घेत नाही, आणि जुन्याच वाटीत बसवलं. वाटीला आतून चरे पडलेले दिसत होते मला. चालतंय म्हणून सोडून दिलं. दोन महिने बरं चाललं, मग परत काटा चढायला लागला. पावसाळ्यात बोट वरच काढून ठेवली आणि दिवाळीच्या आधी पूर्ण किट मागवलं, ओरिजिनल, म्हणजे वाटी, वरचं प्लॅस्टिकचं घर, खालची स्टीलची प्लेट, गॅस्केट, सील, चावी (इंजिनची नव्हं, इंपेलर शाफ्टला अडकवणारा बारका तुकडा), इंपेलर सगळं त्यात येतं. दारात येईस्तोवर नऊ हजाराच्या वर गेलं आणि तीन आठवडे लागले. महाग आहे, खोटं कशाला बोलू.

काम दोघांनी केलं, मी आणि मावसभाऊ. बोट ट्रेलरवरच होती. पंप ड्राइव्हच्या खालच्या भागात असतो, म्हणून तो भाग सोडवावा लागतो. गिअर फॉरवर्डला टाकून ठेवायचा, माझ्या ड्राइव्हला तसंच लागतं. मागं पंख्याच्या वर जो छोटा पंखासारखा तुकडा असतो, ट्रिम टॅब, त्याच्या कडेला आधी मार्करनं रेघ मारून घ्या म्हणजे परत त्याच कोनात बसंल, नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. त्याचा बोल्ट वरून, मागच्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली आहे. टॅब काढला की त्या खड्ड्यात अजून एक बोल्ट लपलेला असतो आणि तोच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, बाकीचे नट काढून माणूस हातोड्यानं ठोकत बसतो अन् कास्टिंग फोडून घेतो. बाजूचे दोन दोन आणि पुढचा एक नट. आमचे बाजूचे दोन नट गंजून एकजीव झालेले, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं तेव्हा कुठं सकाळी हलले. खालचा भाग सुटताना एकदम सुटतो आणि चांगला जड आहे, खाली माणूस धरायला पाहिजेच. गिअरचं तेल मात्र आधी काढून घ्या, ह्या ड्राइव्हच्या वरच्या अन् खालच्या भागाचं तेल एकच असतं.

पंप उघडला तर सगळं कळलं. इंपेलरच्या दोन पाकळ्या मुळापासून गायब, तिसरीला तडा. वाटीत नख फिरवलं तर नख अडकत होतं, आणि खालच्या प्लेटवर गोल गोल चर पडलेले. प्लेट उन्हात धरली तेव्हा त्या चरांमधी काळ्या मातीचा थर दिसला, वाळलेला, बोटानं चोळला की रेशमासारखा मऊ, पण त्यात बारीक कच पण होती. तीच कच रबर अन् स्टीलच्या मधी सापडून दोघांनाही खाती. चरे पडलेल्या वाटीत नवीन रबर टाकलं की पहिल्या दिवसापासून ते किसल्यासारखं झिजायला लागतं. माझे अकराशे रुपये तिथंच गेले.

आणि महत्त्वाचं म्हणजे गायब झालेल्या पाकळ्या कुठं गेल्या? त्या पाण्यासोबत वर जातात. मावसभाऊ म्हणला, "जाऊ दे ना, गेल्या असतील बाहेर." मी नाही ऐकलं. एक तुकडा तांब्याच्या उभ्या नळीच्या वरच्या तोंडाला सापडला. दुसरा काही केल्या मिळंना, सगळे होज काढले, थर्मोस्टॅटचं घर उघडलं, शेवटी पॉवर स्टिअरिंगच्या कूलरच्या तोंडाला आडवा बसलेला निघाला, संगं दोन बारके शिंपले. अख्खी दुपार गेली त्यात. पण तो तसाच राहिला असता तर नवीन किट टाकूनही इंजिन तापलं असतं आणि मी किटलाच शिव्या घातल्या असत्या. तुकडे टेबलावर जुळवून बघा, पूर्ण इंपेलर जमला पाहिजे.

बसवताना पाकळ्यांना भांड्याचं लिक्विड साबण लावा, ग्रीस नको. वरून बघताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत फिरवत घर खाली दाबायचं, पाकळ्या आपोआप एका दिशेला वाकून बसतात. उलटं फिरवू नका. चावी सारखी पडती, तिला थोडं ग्रीस लावून चिकटवली की राहती. किटमधी एक गॅस्केट अन् दोन वायसर उरले, घाबरलो होतो, पण एकच किट दोन तीन मॉडेलला चालतं म्हणून जास्तीचे येतात. सोबतच्या कागदावरची चित्रं मात्र इतकी बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठी करून बघावी लागली, हे त्यांनी सुधारायला पाहिजे.

वर चढवताना आमची एक चूक झाली. गिअरचा दांडा जुळला नव्हता, नट आवळले, मग गिअर टाकून बघितला तर रिव्हर्स लागंना. परत सगळं खाली. दुसऱ्यांदा एकानं वरून पाण्याच्या नळीवर लक्ष ठेवलं, एकानं दांड्यावर, मग बसलं. पूर्ण आवळायच्या आधी पंखा हातानं फिरवून दोन्हीकडचे गिअर तपासा. पाणी देऊन चालवायला ड्राइव्हच्या दोन्ही बाजूच्या जाळ्यांवर बसणारे रबरी कान मिळतात, त्याला आम्ही मळ्यातल्या बोअरची नळी जोडली. आधी पाणी सुरू, मग चावी. आणि कानांवर रेस द्यायची नाही.

आता आठ महिन्यांचं. हिवाळ्यात तर काटा १५० ते १६० च्या मधी, चार तराफे ओढतानाही. खरी परीक्षा मार्चनंतर होती, कारण खालच्या सिद्धेश्वर धरणाला पाणी सोडलं की आमचा काठ मागं मागं सरकतो आणि उरतं ते गढूळ, बुडाला नुसता गाळ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा काटा १७५ पर्यंत गेला, माझ्या पोटात गोळा आला, तिथंच बंद करून बघितलं तर बाजूच्या जाळीला पाणवेल गुंडाळलेली. काढली की परत खाली. गेल्या रविवारी मुद्दाम खालचा भाग परत उघडला, यावेळी दीड तासात काम झालं. पाकळ्या शाबूत आहेत, टोकाला थोडी चकाकी आलीय आणि एका बाजूला जराशा वाकून बसल्यात. वाटीत बारीक रेघा आहेत पण नख अडकत नाही. प्लेट चांगली. इंपेलर तेवढा बदलून टाकला, ओरिजिनलच, वाटी तीच ठेवली.

सर्वसाधारण दोन तीन वर्षं चालतो म्हणतात, स्वच्छ पाण्यात चालतही असंल. आमच्या गाळात मी दर उन्हाळ्याच्या शेवटी उघडणार. काठाला येताना इंजिन बंद करून शेवटचे पन्नास फूट वल्ह्यानं येतो आता, गाळ ओढला जाऊ नये म्हणून, आणि पुतण्यालाही तेच शिकवलंय.

ब्राव्हो ड्राइव्हवाल्यांनी (मर्क्रूझरचाच दुसरा प्रकार) हे सगळं वाचून खालचा भाग उघडू नका, तुमचा पंप इंजिनवर असतो. आल्फा वनवाल्यांनी मात्र किट मागवायच्या आधी पहिली पिढी का दुसरी ते सिरीयल नंबरावरून पक्कं करा, दोघांचे पंप वेगळे आहेत. जिंतूर परभणीकडं कुणाला हे काम करायचं असंल तर सांगा, माझ्याकडचे रबरी कान आणि त्या लपलेल्या बोल्टचा पाना मी देईन, दोन दिवसांत परत आणून द्या फक्त.