पीसीएसएक्स२ काही महिने वापरल्यावर: खरा माल दुरुस्त्यांमध्ये आहे

एम्युलेटरचा, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम पीसीवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, रिव्ह्यू बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच लिहून मोकळे होतात. कोणता गेम चालला, किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) मिळाले, चित्र किती धारदार दिसलं, झालं. त्यात खोटं काही नसतं, पण एम्युलेटर खरा कळतो अपडेट आल्यावर. काल नीट चालणारा गेम आज कसा चालतो, आणि बिघडलाच तर तो कोण, कसा आणि किती लवकर दुरुस्त करतं, ते महत्त्वाचं. म्हणून हे मी मुद्दाम उशिरा लिहितोय.

गणपतीच्या आधीपासून पीसीएसएक्स२ माझ्या लॅपटॉपवर आहे. प्लेस्टेशन २ चा हा एम्युलेटर. घरच्या पीएस२ ची लेन्स गेली, ती बदलून देणारा आता सापडत नाही, डिस्क मात्र कपाटात शाबूत होत्या. लॅपटॉप रायझन ५ चा, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणजे ‘गेमिंग मशीन’ वगैरे काही नाही हे आधीच सांगून टाकतो.

सेटअपबद्दल फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. एवढंच, की बायॉस (कन्सोल सुरू करणारं त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) आपल्याच कन्सोलमधून काढायचं असतं. लेन्स गेलेली असली तरी मेमरी कार्डावरून सॉफ्टवेअर सुरू करून ते पेनड्राइव्हवर घेता येतं, मीही तसंच केलं. डिस्कच्या आयएसओ (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेली एक फाइल) केल्या आणि जागा वाचवायला सीएचडी फॉरमॅटमध्ये बदलल्या. झालं, पुढे चला.

आता मूळ मुद्दा. या प्रकल्पाची पहिली सार्वजनिक आवृत्ती २००२ ची. म्हणजे पीएस२ बाजारात येऊन दोन वर्षं होत होती तेव्हापासून हे काम चालू आहे. सुरुवात करणारे केव्हाच बाजूला झाले, दुसरे आले, तेही गेले, तिसरे आले. २०१२ मध्ये १.० आली. मे २०२० मध्ये १.६ आली आणि त्यानंतर २.० यायला जुलै २०२४ उजाडला. चार वर्षं ‘स्टेबल’ आवृत्ती नाही! बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की प्रकल्प मेला. प्रत्यक्षात त्या चार वर्षांत सगळ्यात जास्त काम झालं. फक्त ते १.७ नावाच्या नाइटली आवृत्त्यांमध्ये होत होतं, कोडमध्ये एखादा बदल स्वीकारला की आपोआप नवी आवृत्ती तयार. ज्यांना हे माहीत नव्हतं ते बिचारे १.६ वर बसून नाइटलीत केव्हाच सुटलेल्या बगांबद्दल तक्रारी करत होते. अजूनही करतात.

या चार वर्षांत त्यांनी जे केलं ते मला नव्या फीचर्सपेक्षा मोठं वाटतं: त्यांनी जुनं काढून टाकलं. १.६ पर्यंत ग्राफिक्स, आवाज, कंट्रोलर हे सगळं वेगवेगळ्या प्लगइनमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या सुट्या भागांमध्ये, होतं. वापरणाऱ्याने कोणता प्लगइन, कोणती आवृत्ती, हे जुळवत बसायचं. एकाच गेमबद्दल दोघांचे अनुभव कधी जुळायचेच नाहीत, कारण दोघांचे प्लगइन वेगळे. असल्या परिस्थितीत बग शोधणार कसा? १.७ मध्ये प्लगइन गेले, सगळं एकाच कोडमध्ये आलं. मग ३२ बिटचं ६४ बिट झालं. ऐकायला सोपं वाटतं, पण एम्युलेटरचा गाभा म्हणजे पीएस२ च्या सूचना जागच्या जागी पीसीच्या सूचनांमध्ये बदलणारा रिकंपायलर, आणि तो ३२ बिट धरूनच लिहिलेला होता. जुना इंटरफेस काढून क्यूटी या टूलकिटवरचा नवा आला, चित्र काढणारा व्हल्कन रेंडरर आला. आज कोणी बग कळवला की तो आणि दुरुस्त करणारा, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

याची किंमतही आहे, ती लपवत नाही. २.० ला विंडोज १० लागतं. माझ्या एका आतेभावाकडे विंडोज ७ चा जुना ३२ बिट पीसी आहे, त्याला सांगितलं की बाबा तू १.६ च वापर, पण मग त्यातले बग कायमचे तुझे. त्याला ते चालतं. ज्याला चालणार नाही त्याने मशीन बदलावं, जुन्यासाठी अडून बसणं प्रकल्पाला परवडणारं नाही.

आता एक बग जवळून बघू, म्हणजे मी दुरुस्तीबद्दल एवढं का बोलतोय ते कळेल. माझा भाचा आला की पहिली मागणी, “मामा, फोर एक्स कर ना!” म्हणजे गेमचं मूळ रिझोल्यूशन चौपट. केलं की पात्रं मस्त धारदार दिसतात, पण काही गेममध्ये दिव्यांभोवतीची चमक किंवा धुकं मूळ जागेवरून सरकलेलं दिसतं, सावली दुहेरी झाल्यासारखी. हे का होतं? पीएस२ ची ग्राफिक्स चिप बिंदूची जागा पिक्सेलच्या सोळाव्या भागापर्यंत मोजते. चमक आणायला गेम काय करतो, तर पूर्ण चित्र छोट्या आकारात उतरवतो, धूसर करतो आणि परत मोठं करून मूळ चित्रावर पसरवतो. हे करताना तो अर्ध्या पिक्सेलचा फरक धरतो. मूळ रिझोल्यूशनला अर्धा पिक्सेल कोणाच्या नजरेत येत नाही. चौपट केलं की त्याचे दोन पिक्सेल होतात, आणि ते सरळ दिसतात. म्हणजे गेमच्या प्रोग्रामरने काही चुकीचं केलेलं नाही, एम्युलेटरनेही नाही. आपण टीव्हीवर कधी न दिसलेलं काहीतरी बघायला गेलो, एवढंच.

असं काही दिसलं की मी आधी एफ९ दाबतो. त्याने हार्डवेअर रेंडरर जाऊन सॉफ्टवेअर रेंडरर येतो. हा सगळं काम प्रोसेसरवर करतो, हळू असतो, रिझोल्यूशन मूळचंच राहतं, पण खऱ्या पीएस२ च्या सगळ्यात जवळ. एफ९ दाबल्यावर दोष गेला तर तो हार्डवेअर रेंडररचा. गेला नाही तर गोष्ट खोल आहे, किंवा गेम मुळातच तसा आहे. हे एक बटण दाबायला शिकलात तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

पुढचं बटण शिफ्ट-एफ८. त्याने त्या फ्रेमचा, म्हणजे पडद्यावरच्या त्या एका चित्राचा, ‘जीएस डंप’ निघतो. त्यात गेम नसतो, त्या क्षणी ग्राफिक्स चिपला दिलेली आज्ञांची यादी आणि तिची मेमरी असते. दुरुस्त करणाऱ्याकडे ती डिस्क नसली तरी तो ही फाइल चालवून तेच चित्र, तोच दोष आपल्या मशीनवर पाहू शकतो. मला ही या प्रकल्पातली सगळ्यात हुशार सोय वाटते. कोल्हापुरातल्या माणसाच्या डिस्कमधला दोष, जगात कुठेतरी बसलेला, ती डिस्क कधी न पाहिलेला माणूस दुरुस्त करतो. आणि हे डंप नंतरही कामाला येतात. ग्राफिक्सच्या कोडमध्ये बदल केला की जमवलेले डंप त्यावर चालवायचे, आधीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी ठेवायचं. याची गरज असतेच. जुन्या वाड्यात या खोलीत खिळा ठोकला की पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर पडतं, तसलाच हा कोड आहे.

तसं असण्याचं कारण त्या चिपमध्येच आहे. पीएस२ च्या ग्राफिक्स चिपला स्वतःची मेमरी फक्त ४ एमबी. मुख्य मेमरी ३२ एमबी. एवढ्यात भागवायचं तर गेमवाल्यांनी तीच जागा आत्ता चित्रासाठी, पुढच्या क्षणी टेक्स्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) म्हणून, मग कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब याचा हिशेब ठेवायला अशी वापरली, तीही वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये. चिपसाठी ते सोपं होतं, तिची मेमरी अतिशय वेगवान होती. आजच्या ग्राफिक्स कार्डाला हा प्रकार अजिबात पचत नाही. त्यामुळे एम्युलेटरला सतत अंदाज घ्यावा लागतो, की हे आता वाचतायत ते मघाचं काढलेलं चित्र आहे की नवं टेक्स्चर? या अंदाजाचा कोड म्हणजे टेक्स्चर कॅशे. बदलांच्या यादीत त्याचं नाव इतक्या वेळा येतं की मला आता त्याची दया येते.

अर्ध्या पिक्सेलवर उपाय आहे, ‘हाफ पिक्सेल ऑफसेट’ नावाचं सेटिंग. पण एका गेमला बरोबर बसणारा त्याचा पर्याय दुसऱ्या गेमचं चित्र बिघडवतो. म्हणून एम्युलेटरसोबत गेमइंडेक्स नावाची एक भली मोठी फाइल येते. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक गेमचा अनुक्रमांक, नाव, प्रदेश आणि खाली त्या गेमपुरत्या सूचना: याला हे राउंडिंग, याला ही ऑफसेट, याला अमुक टायमिंग. गेम सुरू झाला की त्याचा क्रमांक पाहून या सूचना आपोआप लागू होतात. पूर्वी हेच सगळं लोक एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवून सांगायचे. आता सेटिंगला हात न लावणं हेच सर्वोत्तम सेटिंग. ज्यांच्याकडे जुने, कुणीतरी कधीतरी सांगितलेले ‘बेस्ट सेटिंग्ज’ आहेत त्यांनी ते सरळ रिसेट करावेत.

ग्राफिक्सचे दोष निदान डोळ्यांना दिसतात. आकडेमोडीचे दिसत नाहीत आणि ते जास्त छळतात. पीसीवर दशांश आकडा फारच मोठा झाला की तो ‘अनंत’ ठरतो, शून्याला शून्याने भागलं की ‘हा आकडाच नव्हे’ असं उत्तर येतं. पीएस२ ला या दोन्ही गोष्टी माहीत नाहीत. तिथे आपला सगळ्यात मोठा आकडा मिळतो आणि गेम पुढे चालतो. शिवाय पीएस२ उरलेला अंश शून्याच्या दिशेने सरळ कापतो, पीसी सहसा जवळच्या आकड्याकडे नेतो. फरक शेवटच्या बिटचा. पण तोच आकडा दर फ्रेमला पुन्हा वापरला की पात्र जमिनीत रुततं, दार उघडत नाही, शत्रू भिंतीला धडका देत बसतो. त्यासाठी राउंडिंग (उरलेला अंश कुठे न्यायचा) आणि क्लॅम्पिंग (फार मोठा आकडा मर्यादेत आणणं) असे पर्याय आहेत, आणि क्लॅम्पिंग जितकं कडक तितका प्रोसेसरवर भार. प्रत्येक बेरजेनंतर उत्तर तपासायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. हेही बहुतेक गेमइंडेक्समधून आपोआप होतं.

नाइटली वापरावी की स्टेबल? २.० पासून हिशेब सरळ आहे: सम आकडा स्टेबल, विषम आकडा नाइटली. २.० नंतर २.१ च्या नाइटली, मग त्याच वर्षी २.२, २०२५ मध्ये २.४. मी दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. नाइटलीचा फायदा असा, की एखादा गेम बिघडलाच तर तो नेमका कुठे बिघडला हे प्रोग्रामिंग न येणारा माणूसही शोधू शकतो. चांगली चालणारी जुनी आवृत्ती घ्या, बिघडलेली नवी घ्या, मधली चालवून बघा. बिघडलेली निघाली तर आधीचा अर्धा भाग, नाहीतर नंतरचा. ६४ आवृत्त्या असतील तर सहा वेळा गेम सुरू केला की दोषी बदल हाती. ‘गेम चालत नाही, लवकर फिक्स करा’ लिहिण्यापेक्षा ‘अमुक नाइटलीपासून बिघडलं, त्याआधीच्यात ठीक होतं’ एवढी एक ओळ लिहिली तर कामाचं होतं. ज्यांना हा उद्योग नको त्यांनी स्टेबल घ्यावी आणि सुखाने खेळावं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. सेव्ह स्टेटवर, म्हणजे एम्युलेटरने त्या क्षणाची घेतलेल्या जशीच्या तशी नोंदीवर, विसंबू नका. आतली रचना बदलली की जुन्या आवृत्तीची सेव्ह स्टेट नव्या आवृत्तीत उघडत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नाही. गेममधल्या मेमरी कार्डावर सेव्ह केलेलं मात्र टिकतं. दुसरं, आपल्याकडच्या अधिकृत डिस्क पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. लॅपटॉपचा स्क्रीन ६० चा. मग दर पाच चित्रांतलं एक दोनदा दिसतं आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. याला लोक ‘लॅग’ म्हणतात आणि ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतात. आधी गेमच्या मेनूत ६० हर्ट्झचा पर्याय आहे का बघा, बऱ्याच पाल गेममध्ये असतो.

“मोबाईलवर चालतं का?” हा ठरलेला प्रश्न. या कोडवर आधारलेला एथरएसएक्स२ नावाचा अँड्रॉइड एम्युलेटर होता, चांगला होता. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या निर्मात्याने काम थांबवलं, कारणांमध्ये लोकांच्या सततच्या मागण्या, तक्रारी आणि थेट जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. फुकट काम करणाऱ्या माणसाला! ती आवृत्ती अजून चालते, पण मूळ प्रकल्पात त्यानंतर झालेल्या दुरुस्त्या आपोआप तिच्यात येत नाहीत. फोनवर आज एखादा गेम अडला तर तो अडलेलाच राहण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटी आपल्या घरचं. पीएस२ साठी खास भारतात बनलेले गेम आहेत हे अनेकांना माहीतच नाही: ‘हनुमान: बॉय वॉरियर’, कबड्डी आणि विटीदांडूवाला ‘देसी अड्डा’, ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. हे बहुतेक भारतातच विकले गेले. जगभर खपलेल्या गेममध्ये दोष असला तर शंभर जण कळवतात. यांच्यातला दोष इथल्या कोणीतरी डिस्क चालवून कळवल्याशिवाय समजणार नाही, कारण बाहेर ती डिस्क असलेला माणूस मिळणं कठीण. तुमच्याकडे यातली एखादी असेल तर आयएसओ करून स्टेबलवर चालवा, गेमइंडेक्समध्ये तिचा क्रमांक आहे का पाहा, विचित्र काही दिसलं तर एफ९ दाबा, तरीही पक्कं वाटलं तर शिफ्ट-एफ८ आणि रिपोर्ट. रिपोर्टमध्ये आवृत्ती, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि डिस्कचा क्रमांक लिहायला विसरू नका, नाहीतर पहिलं उत्तर हेच विचारणारं येईल.