आठ महिने, शंभरेक सुया आणि एक ‘खट’

गणपतीच्या आदल्या सोमवारी माझा ऑटो-इंजेक्टर मेला, म्हणजे बटण दाबलं की स्प्रिंगने सुई टोचणारं पेन. बटण आत गेलं ते वर येईना, ‘खट’ नाही, सुईही बाहेर नाही. हेल्पलाइनवर "मॅडम, दोन दिवसांत नवीन पाठवतो" ऐकलं आणि सतरा दिवस वाट पाहिली. रोज नवा माणूस, रोज तक्रार पहिल्यापासून. म्हणून हे लिहायला बसले.

मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. एमएसवाल्यांना औषध समजावायला नको. ग्लॅटिरॅमर ४० मिग्रॅचं इंजेक्शन, सोम-बुध-शुक्र. त्याआधी दीड वर्ष आठवड्याला एक इंटरफेरॉन, हेही एमएसचंच इंजेक्शन. त्याचा त्रास निदान वेळापत्रकाने यायचा: शनिवारी रात्री टोचलं की चार-पाच तासांत थंडी-ताप, अंग मोडून यायचं आणि रविवार गोधडीत. रक्तात एसजीपीटी वाढलं (म्हणजे यकृताला त्रास), डॉक्टरांनी औषध बदललं. नव्या औषधाने ताप येत नाही, एवढ्यावरच मी पहिल्या महिन्यात पाचपैकी पाच दिले असते.

मग गाठी आल्या. आवळ्याएवढ्या, लाल, गरम, आणि खाज अशी की ऑफिसात टेबलाखाली पट्टीने खाजवायचे. पोट, मांड्या, दंड, कंबर अशी पाळी लावायची, एका जागी आठवड्यात दुसऱ्यांदा नाही. कालनिर्णयच्या मागच्या पानावर स्वतःचा नकाशा काढलाय. आई म्हणते, "अगं, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी ‘डावी मांडी’ काय लिहितेस!" डाव्या मांडीवर तर आता अंगठा बसेल एवढा खळगा आहे. तिथली चरबीच गेली. तो बहुधा भरून येणार नाही, असं नर्सने सांगितलं. गाठी उतरतात, खळगा राहतो, हे आधी कुणी ठळक सांगितलं असतं तर मी एकाच मांडीवर एवढं प्रेम केलं नसतं.

सगळा दोष मी औषधाला देत होते. पेन बिघडल्यावर नाइलाजाने हाताने टोचायला शिकले. सरळ सुई, सावकाश दट्ट्या. दुसऱ्या आठवड्यापासून गाठी निम्म्या! माझ्या दंडावर मांस ते किती, आणि ती स्प्रिंग सुई आत हाणायची. तुमचं अंग भरलेलं असेल तर ‘खट’ चालत असेलही. पण पेनवर सुई किती खोल जावी ते ठरवणारी चकती असते, हे मला सातव्या महिन्यात कळलं.

जूनमधला एक बुधवार सांगायलाच हवा. सुई काढली आणि तोंड भट्टीसारखं तापलं, छाती आवळली, धडधड सुरू. रिक्षा केली. नळ स्टॉपच्या सिग्नलला येईपर्यंत सगळं ओसरलेलं. ईसीजी नॉर्मल, बिल २,३०० रुपये. माझा जळफळाट. डॉक्टर म्हणाले, ही इंजेक्शननंतरची रिअ‍ॅक्शन, बहुतेक वेळा आपोआप जाते. पण क्वचित जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जीही होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, जानेवारी २०२५ मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा दिलाय. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते, त्यामुळे घरी बसून ओळखायला जाऊ नका. म्हणून बिलाबद्दलची कुरकुर निम्मी मागे घेते.

गुरुवारी वीज जाते तेव्हा मी सिरिंजांचा डबा घेऊन इन्व्हर्टरवाल्या मावशीकडे धावायचे. नंतर माहितीपत्रक नीट वाचलं: फ्रिजबाहेर ३० अंशांखाली महिनाभर चालतं. म्हणजे जानेवारीत धावायची गरज नाही. एप्रिलमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर ३० अंश कुठून आणायचे, ते पत्रकात नाही.

औषधाचं म्हणाल तर, आठ महिन्यांत एमएसचा अटॅक नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही. इंटरफेरॉनवर परत जाणार नाही.

नवीन पेन शेवटी आलं. एकदा वापरलं, ‘खट’, तीच आवळ्याएवढी गाठ. आता ते फ्रिजवर टॉर्चशेजारी पडलंय. फुकट आलेलं, म्हणून टाकवत नाही.