व्हर्कॉन एस : आधी घासणी, मग गुलाबी पाणी

तस्करीतून सोडवलेले पोपट, माकडं, कासवं ठेवायच्या विलगीकरण खोल्यांत व्हर्कॉन एस हे गुलाबी जंतुनाशक बरंच वापरलं जातं. मूळ घटक पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट. एक लिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम पूड ढवळली की 1 टक्क्याचं द्रावण तयार. गोळ्या असतील तर 5 ग्रॅमची एक गोळी अर्ध्या लिटरला. विषाणूंवर काम चोख. कुत्र्यांना जुलाब करणाऱ्या पार्व्होसारखे चिवट विषाणूही याने मरतात.

तक्रारी असतात त्या बहुतेक वापरण्याच्या पद्धतीमुळे. पोपटाचा पिंजराच घ्या. सिटाकोसिसचे (पक्ष्यांपासून माणसाला होणारा फुप्फुसांचा आजार) जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसात उतरतात. 1929-30 मध्ये पोपटांच्या व्यापाराबरोबर ही साथ देशोदेशी पोचली होती. कोरडा झाडू फिरवला की द्रावण हातात घेण्याआधीच धूळ नाकात गेलेली असते. म्हणून पक्षी दुसरीकडे हलवा, एन-95 मास्क लावा, ट्रेमधला कागद पाण्याने भिजवून आतल्या अंगाला गुंडाळत काढा. जोराचा फवारा नको, त्याने तुषार उडतात. दांडीच्या खालच्या बाजूला आणि जाळीच्या सांध्यांत बसलेला थर साबणाच्या पाण्याने मऊ करून खरवडा, धुवा. मगच हे द्रावण. पृष्ठभाग 10 मिनिटं ओला राहायला हवा. मध्येच वाळला तर पुन्हा लावा. घाणीवरच ओतलं तर औषधाचा जोर घाणीतच जिरतो. दारात बूट बुडवायला ठेवलेल्या टबात चिखल साचला की तेही नुसतं रंगीत पाणी उरतं.

द्रावण आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी दहा मिनिटांनंतर स्वच्छ धुतली नाही तर गंजते. पूड मोजताना हातमोजे आणि गॉगल हवेतच, डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. क्लोरीन ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. तयार द्रावण फार तर सात दिवस. गुलाबी रंग त्याआधी उडाला तर त्याच क्षणी ओतून द्या.

घरी एखादाच पक्षी असेल तर एवढा खर्च कशाला? एका भागाला 32 भाग पाणी या प्रमाणात साधं ब्लीच, पक्षी खोलीबाहेर ठेवून, पुरतं.

मर्यादाही आहेत. रकून या अमेरिकी प्राण्याच्या पोटातल्या जंताची अंडी याने मरत नाहीत, तिथे उकळतं पाणी किंवा ज्योतच लागते. सच्छिद्र लाकडात द्रावण खोलवर जात नाही. जप्तीच्या मालाबरोबर आलेले लाकडी खोके धुवत बसू नका, जाळा. आणि पिंजऱ्यांची मांडणीच चुकली तर हे औषध काय करणार? 2003 मध्ये घानाहून अमेरिकेत आलेल्या उंदरांशेजारी प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातले बिळात राहणारे प्राणी) ठेवले गेले, त्यांना मंकीपॉक्स झाला आणि त्यांच्यापासून माणसांना. नव्या प्राण्याला वेगळी खोली, वेगळी बादली, वेगळी घासणी द्या, आणि त्याची खोली सगळ्यात शेवटी साफ करा.